राजीखुशीनं येता काय?

‘तुम्ही इथे स्वेच्छेने काम करता का?’ हा प्रश्न मी दर वर्षी कापसाच्या मोसमात विचारते. त्याबद्दल मला पगार मिळतो. परदेशातल्या कुठल्याशा दुकानात टांगलेल्या सदऱ्याचा कापूस कुणाला जबरदस्तीनं राबवून काढलेला नाही, अशी तिथल्या गिऱ्हाइकाला खात्री हवी असते आणि ती खात्री आमच्या आदिलाबादहून जाते. मध्ये सूतगिरणी, कापडगिरणी, शिलाईचा कारखाना, जहाज असं बरंच काही लागतं. पण सुरुवात जिनिंगपासून, म्हणजे कापसातली सरकी काढण्यापासून. आणि जिनिंगमधल्या बायका मराठी बोलतात, म्हणून मी.

माझं काम दुभाष्याचं. तपासणी करणारी बाई बंगळुरूहून येते. ती इंग्रजीत विचारते, मी मराठीत विचारते, समोरची उत्तर देते, मी ते इंग्रजीत सांगते. मध्ये आपल्या पदरचं काही घालायचं नाही आणि काही गाळायचं नाही, एवढाच नियम. घरी मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात हिंदी अशी वाढलेली माणसं आमच्या गावात पैशाला पासरी मिळतात. मी त्यात इंग्रजीतून पदवी घेतली, इतकंच. वडील तहसिलीत कारकून होते. आपली मुलगी दुसऱ्यांच्या तोंडचं बोलून पोट भरते, असं ते आल्यागेल्याला सांगत. त्यात थट्टा किती आणि कौतुक किती, हे मी कधी विचारलं नाही.

प्रश्नांचं मराठी कुणीतरी पुण्याकडे बसून करून पाठवलं होतं. शुद्धलेखन अगदी निर्मळ. पहिल्या वर्षी मी ते जसंच्या तसं वाचून दाखवलं. समोरच्या बाईनं मागे वळून आपल्या टोळीकडे पाहिलं आणि सांगितलं, की स्वेच्छा नावाची बाई त्यांच्यात कुणी नाही, बाजूच्या मिलमध्ये असली तर माहीत नाही. दुसरी जरा शिकलेली होती, तेलुगू शाळेत सातवीपर्यंत गेलेली. तेलुगूत स्वेच्छा म्हणजे स्वातंत्र्य. तिनं सांगितलं, की ते पंधरा ऑगस्टला असतं आणि तेव्हा मिल बंद असते. मी दोन्ही उत्तरं नियमाप्रमाणे इंग्रजीत सांगितली. तपासणीवाली हसली. मग यातलं एकही उत्तर आपल्या चौकटीत बसत नाही, हे तिच्या लक्षात आलं आणि ती हसायची थांबली.

म्हणून मी ‘राजीखुशीनं’ हा शब्द घेतला. निजामाचं राज्य गेलं तरी त्याच्या कचेरीतले शब्द आमच्याकडेच राहिले, आणि त्यांतला हा सगळ्यांत टिकाऊ. शेत विकताना, सोयरीक ठरवताना, जामीन राहताना, तक्रार मागे घेताना आमच्याकडचा माणूस राजीखुशीनं असतोच. वडिलांनी नोकरीभर तो लिहिला. अडाणी बाईलाही तो कळतो, शिकलेल्यालाही खटकत नाही. शिवाय त्यात राजी आहे आणि खुशीही आहे. स्वेच्छा बिचारी एकटी. मी शब्द चुकीचा निवडला असं मला आजही वाटत नाही.

‘राजीखुशीनं येता काय?’ असं विचारलं की बायका पदर सावरून ‘हो, राजीखुशीनं’ म्हणत. तपासणीवाली चौकटीत खूण करी आणि आम्ही पुढच्या प्रश्नाला जात असू. पुढचा प्रश्न पिण्याच्या पाण्याचा होता. त्यावर मात्र बायका भरभरून बोलत.

ज्या मिलचं मी सांगते आहे ती गुडीहत्नूरच्या अलीकडे, हायवेला लागून. तपासणी येणार म्हणजे तिथे आठवडाभर आधी चुना मारला जाई. आगीच्या बादल्यांत वाळू येई, संडासाच्या दाराला कडी येई. बायकांच्या तोंडावर मास्क येत, त्यांच्यावर पाकिटातल्या घड्या तशाच. बायका त्या दिवसाला पावन्यांचा दिवस म्हणत आणि मला प्रश्नवाली म्हणत. एकदा एकीनं विचारलं होतं, की प्रश्नवाली रोज का येत नाही, निदान कडी तरी राहील. मी ते इंग्रजीत सांगितलं. तपासणीवालीनं ते लिहून घेतलं आणि पुढच्या वर्षी कडी खरंच राहिलेली होती. आमचं काम अगदीच वाया जातं असं नाही, हे सांगायला मी ही कडी लोकांना दाखवते.

बायकांचं काम बसून असे. शेतातून आलेल्या कापसाच्या ढिगाशी बसायचं आणि त्यातला कचरा निवडायचा. किडीनं पिवळी पडलेली कापसाची कवडी, पऱ्हाटीच्या काड्या, पोत्याचे धागे, गुटख्याच्या पुड्या, डोक्याचे केस. निवडलेला कापूस यंत्रात जाई, सरकी एकीकडे पडे, रुई दुसरीकडे, आणि रुईच्या गठाणी बांधल्या जात. बायका जैनथकडच्या गावांतून आटोनं येत. त्यांना गोळा करून आणणारी, हजेरी सांगणारी, भांडणं मिटवणारी एक मुकादमीण होती. तिचा आवाज यंत्रावरून ऐकू येई.

या टोळीत पैनगंगेच्या काठच्या एका गावची एक बाई होती. माझ्याहून थोडी मोठी, म्हणून मी तिला मावशी म्हणत असे. ती कमी बोले. तिच्या कमरेत एकदा उसण भरली ती तिथेच राहिली होती, आणि दिवसभर वाकून कापूस वेचणं तिला आता होत नव्हतं. माहेरी परतलेली, एकटी. बसून करायचं काम आमच्या भागात बायकांना फारसं मिळत नाही. तिला ते या मिलमध्ये मिळालं होतं आणि तेवढ्यावर तिचं चाललं होतं. दाराजवळची, वारा येणारी जागा तिची ठरलेली होती. नवी बाई चुकून तिथे बसली तर इतर बायकाच तिला उठवत.

त्या वर्षी तपासणीत तिचा नंबर पहिल्यांदाच लागला. गोदामामागे कडुलिंबाखाली दोन खुर्च्या आणि समोर एक स्टूल ठेवलं होतं, मॅनेजरला ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर. ती कंबर धरून स्टुलावर बसली. गाव, वय, किती वर्षांपासून येता, हे सगळं सुरळीत झालं.

“राजीखुशीनं येता काय, मावशी?”

“नाई,” ती म्हणाली.

मला वाटलं, यंत्राच्या आवाजात तिला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलं. ती पुन्हा नाही म्हणाली. रागानं नाही, रडवेली होऊनही नाही. भाजीवालीचा भाव न पटल्यावर म्हणतात तसं. का, ते मी विचारलं, तर राजीखुशीनं येत नाही, बस, एवढंच तिनं सांगितलं आणि पाण्याबद्दल विचारायचं असेल तर विचारा म्हणाली.

‘नाई’ला दुभाष्या लागत नाही. तपासणीवालीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं. मी नियमाप्रमाणे इंग्रजीत ‘नाही’ म्हटलं आणि तिनं नियमाप्रमाणे ते लिहिलं. तिच्या पद्धतीत काही उत्तरं पिवळी असतात आणि काही लाल. मास्क नसणं पिवळं. सक्तीचं काम लाल. लाल उत्तर मिळालं, की फेरतपासणी होऊन खुलासा मिळेपर्यंत परदेशी गिऱ्हाईक त्या मिलची एकही गठाण घेत नाही.

मॅनेजर तसा बरा माणूस होता. म्हणजे वाईट वागायला त्याला वेळ नसे. लाल खूण ऐकून तो आधी हिंदीत बोलला, मग तेलुगूत, मग गप्प झाला. त्याला तिला काढून टाकायचं होतं, पण उत्तर दिलं म्हणून कामगाराला काढणं हेसुद्धा लाल असतं. फेरतपासणीला ती हजर नसली तर आणखी लाल. मग त्यानं मुकादमिणीला ताकीद दिली, की फेरतपासणी होईपर्यंत ही बाई रोज आली पाहिजे, ताप असो की पाहुणे. मुकादमीण सकाळी तिच्या दारात आटो उभा करून हाका मारू लागली. आपण राजीखुशीनं येत नाही असं म्हणणाऱ्या त्या बाईला त्या दिवसांत खरोखरच सक्तीनं आणत होते, आणि त्याची नोंद करायला आमच्या पद्धतीत जागा नव्हती.

पुढचंही त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. ती ‘हो’ म्हणाली, तर मिल चालेल तोवर तिची दाराजवळची जागा तिची. ‘नाही’ म्हणाली, तर कचरा निवडायचं यंत्र आणायचं तो मालकाला सांगेल आणि बायकांची शेड बंद. यंत्राला कुणी प्रश्न विचारत नाही, असंही तो म्हणाला. त्यानंतर आटोत जाता-येता बायका तिच्याकडून तो शब्द म्हणवून घेऊ पाहत. आधी गोडीनं, मग टोमणे मारून. एक शब्द म्हणायला तुझं काय जातं, सगळ्यांच्या पोटावर पाय देतेस, असं मुकादमीण तिला तोंडावर म्हणाली. ती बाहेर रस्त्याकडे बघत बसे. हे सगळं मला मुकादमिणीनंच फोन करून सांगितलं. मी तिला जरा समजवावं, असं तिचं म्हणणं होतं.

समजवायला मला बंदी होती. कामगाराला उत्तर पढवणाऱ्या दुभाष्याची नोकरी जाते. पण आटोत बसायला बंदी नव्हती.

माझ्या चुलतबहिणीच्या मुलीचं बारसं मिलच्या सुट्टीच्या दिवशी जैनथला होतं. आदिलाबादच्या स्टँडवर मी जैनथच्या आटोत बसले, आणि आटो भरता भरता शेवटी मावशी येऊन माझ्या शेजारी बसली. हातात औषधाची पिशवी. तिनं मला ओळखलं आणि मांडीवरची पिशवी दुसऱ्या बाजूला घेऊन मला जागा केली. थोडा वेळ बारशाचं बोलणं झालं. मग मी सरळ विचारलं, प्रश्नवाली म्हणून नाही, शेजारी बसलेली बाई म्हणून, की नाही काऊन म्हटलं.

तिनं इकडेतिकडे पाहिलं. आटोत सोयाबीनचं बोलणं चाललं होतं, आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

“माही फारकत झाली नं, तवा पंच बसले होते,” ती म्हणाली. “मले म्हने, म्हन, राजीखुशीनं फारकत देतो. मी म्हटलं. पोरगी त्याईनं ठेवून घेतली. तिच्या लग्नाले मले बलावलं नाई. मी गेलो तं दारातच अडवलं. म्हने, तू तं राजीखुशीनं गेली होती.”

आटो खड्ड्यातून गेला. तिनं औषधाची पिशवी पोटाशी धरली.

“तो शबद लय खराब हाय, बाई,” ती म्हणाली. “एकडाव तोंडातून निंगला का मंग तुमाले काईच बोलता येत नाई.”

मग ती कमरेचं सांगू लागली. जागा गेली तर वेचणीला जावं लागेल आणि वेचणी तिच्यानं होणार नाही, हे तिला माझ्याहून चांगलं माहीत होतं. जागा तिला हवी होती. अगदी हवी होती. फक्त त्या शब्दावाचून हवी होती. मी काही सुचवलं नाही. वडिलांचं सुबक अक्षर माझ्या डोळ्यांसमोर येत राहिलं. हा शब्द लिहिताना ते कधी मान वर करून समोरच्या माणसाकडे बघत असतील का, असं वाटलं. बघत असते तरी काय करणार होते? जैनथ आलं. मी उतरताना तिनं बाळाच्या हातावर ठेवायला म्हणून माझ्याजवळ एक नाणं दिलं.

फेरतपासणीला तीच बंगळुरूची बाई आली. सुरू करण्याआधी मी तिला सांगितलं, की हा प्रश्न ज्या शब्दात मी विचारते तो शब्द ही बाई उच्चारणार नाही, आणि त्याचं कारण मिलशी संबंधित नाही. कारण काय, असं तिनं विचारलं. ते तिचं तिनं सांगितलं तर सांगेल, मी म्हटलं. मग दुसरा शब्द घे, ती म्हणाली. मी म्हटलं, दुसरा शब्द स्वेच्छा आहे. ती सुस्कारा टाकून हसली, आणि मग तिनं एक गोष्ट दाखवली जी मी इतक्या वर्षांत पाहिली नव्हती. या प्रश्नाच्या पोटात आणखी काही प्रश्न होते. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं की ते वगळून पुढे जायचं, अशी सूचना होती. सगळ्या बायका नेहमी ‘हो’ म्हणत आल्या होत्या, म्हणून ते पोटातले प्रश्न आमच्या मिलमध्ये कुणाला कधी विचारलेच गेले नव्हते.

मावशी स्टुलावर बसली. त्या दिवशी बायकांचे हात ढिगात होते, पण डोळे कडुलिंबाकडे. मॅनेजर ऑफिसच्या पायरीवर उभा होता.

मी एकेक विचारत गेले. काम सोडायचं असेल तर सोडता येतं का? येतं. उद्या नाही आलात तर कुणी काही करेल का? कोण काय करणार, मुकादमीण दुसरी आणेल. आधार कार्ड कुणी ठेवून घेतलं आहे का? घरी डब्यात आहे. कुणी धमकावतं का? यावर तिनं जरा विचार केला आणि ते मागच्या महिन्यापासून, तेही त्या ‘नाई’पायी, असं सांगितलं. मी तेही इंग्रजीत सांगितलं. तपासणीवालीनं पायरीकडे एक नजर टाकली आणि लिहिलं.

इथवर सगळं ठीक होतं. मग तपासणीवाली मला म्हणाली, की हिच्यावर सक्ती नाही हे मला पटलं आहे, पण वरच्या प्रश्नाला ‘नाही’ ठेवून ही खालची उत्तरं पुढे जात नाहीत. तिच्या तोंडून एकदा ‘हो’ यायला हवं. शब्द कुठलाही असो, तिचा असो.

मी पुन्हा मावशीकडे वळले. काय विचारावं ते मला सुचत नव्हतं, आणि दुभाष्याला सुचण्याचं काम नसतंच. मी एवढंच म्हटलं, की मावशी, त्या विचारतात, तुम्ही कामाला कशा येता.

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“माह्या पायानं येतो,” ती म्हणाली. “कोनी धरून आनत नाई, कोनी ढकलत नाई. माह्या पायानं येतो अन् माह्या पायानं जातो. हे लिवा. खुशी नका लिवू.”

मी इंग्रजीत सांगितलं. खुशीचंही सांगितलं. तपासणीवालीनं विचारलं, म्हणजे ‘हो’ का? हा प्रश्न तिनं मावशीला नाही, मला विचारला होता, म्हणून मी उत्तर दिलं. मी म्हटलं, आमच्याकडे याहून मोठं ‘हो’ नाही.

तिनं खूण केली. मग स्टूल-खुर्च्या उचलून नेईपर्यंत तपासणीवाली तिथेच उभी राहिली आणि तिनं मला तो आधीचा शब्द पुन्हा म्हणायला लावला. राजीखुशी. तिनं दोनतीनदा म्हणून पाहिला. किती चांगला शब्द आहे, ती म्हणाली.

लाल खूण पुसली गेली. गठाणी गेल्या. मुकादमीण काही दिवस मावशीशी बोलत नव्हती, मग बोलू लागली, कारण न बोलता राहणं तिच्या प्रकृतीला मानवत नाही. मावशी दाराजवळ बसत राहिली. मीही शब्द बदलला. बाकीच्या मिलमध्ये मी आता ‘आपल्या पायानं येता काय?’ असं विचारू लागले. पहिल्याच मिलमधल्या बायका हसत सुटल्या. पायानं कशाला येऊ, आटो आहे ना, असं त्यांचं म्हणणं पडलं. ते समजावून सांगायला वेळ लागतो. त्या वेळात कधी कधी एखादी बाई काहीतरी वेगळंच सांगून जाते, जे ‘हो, राजीखुशीनं’ म्हणून गेली असती तर सांगितलं नसतं. तपासणीवालीची कुरकुर आहे, की माझ्यामुळे तिचे दिवस लांबतात.

पुढच्या मोसमात आम्ही त्या मिलमध्ये गेलो तेव्हा कचरा निवडायचं यंत्र आलेलं होतं. सगळ्याच बायका गेल्या नव्हत्या, अर्ध्याअधिक होत्या. यंत्राला केस आणि धागे नीट दिसत नाहीत म्हणे. दाराजवळच्या जागी मला अनोळखी, तरुण बाई बसलेली दिसली. तिला कुणी उठवत नव्हतं.

मी मावशीबद्दल विचारलं नाही. तपासणीवालीनंच विचारलं. मागच्या वर्षी जिच्यावर लाल खूण होती ती कुठे आहे, तिला भेटायचं आहे, असं ती इंग्रजीत म्हणाली. मी ते मॅनेजरला हिंदीत सांगितलं.

तो फोनमध्ये बघत होता. बघता बघताच आमच्याकडच्या हिंदीत म्हणाला, “उनो? उनो तो राजीखुशी से छोड के गई.”

मला राग आला. असा राग मला कामावर येत नाही, येऊन चालत नाही. माझं काम त्याचं वाक्य इंग्रजीत करण्याचं होतं. मी ‘ती’ म्हटलं, ‘सोडून’ म्हटलं, आणि मधल्या शब्दाशी येऊन थांबले. इतकी वर्षं मी हा शब्द इकडून तिकडे नेत आले होते आणि त्या वेळी तो माझ्या तोंडून निघेना.

तपासणीवालीनं हात वर करून मला थांबवलं. तिला ते वाक्य सांगायची गरज नव्हती. तिनं तो शब्द ऐकला होता. तिची हिंदी मोडकी आहे, एरवी ती बोलायला लाजते. पण तेव्हा ती सरळ मॅनेजरकडे वळली.

“वो ये शब्द नहीं बोलती,” ती म्हणाली.

मॅनेजरनं फोन खिशात ठेवला. मग मुकादमिणीला बोलावणं गेलं. ती हात पुसत आली, तिनं मॅनेजरकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. काय झालं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. मावशी का येत नाही, असं मी विचारलं. तिचा आवाज, तो यंत्रावरून ऐकू येणारा आवाज, पार खाली आला.

तिला आणू नको असं मॅनेजरनं मोसमाच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं, ती म्हणाली. पहिल्या दिवशी मावशी रस्त्यावर डबा घेऊन उभी होती आणि आटो न थांबता पुढे गेला. दुसऱ्या दिवशीही उभी होती.

मी ते सगळं इंग्रजीत सांगितलं. एकही शब्द गाळला नाही, एकही घातला नाही. ते लाल निघालं.

पुढचं पत्रव्यवहाराचं आहे आणि त्यात माझा भाग नव्हता. थंडी संपत आली तेव्हा मुकादमिणीचा फोन आला. मावशी परत येऊ लागली होती. मॅनेजरनं स्वतः निरोप पाठवला होता म्हणे, आणि ती तरुण बाई काही न बोलता ढिगाच्या पलीकडे सरकली होती. मुकादमीण बराच वेळ बोलत होती, यंत्राबद्दल, आटोवाल्याबद्दल. मी मध्येच विचारलं, की मावशी खुश आहे ना.

तिनं आधी यंत्राच्या आवाजावरून कुणाला तरी ढीग सरकवायला ओरडून सांगितलं.

“खुश काऊन राहील वो, बाई?” ती म्हणाली. “बसाले जागा भेटली, बस.”